पट्टा उतरवल्यावर

मित्रांनो, मी एक जुनी मोटर आहे. बिडाचे जाडजूड अंग, पंधरा घोड्यांची ताकद आणि अंगावर पांढऱ्या रंगात चार वेळा लिहिलेले एकाच कारागिराचे नाव. जुन्या वस्तूने आपली कहाणी सांगायची म्हणजे शेवटी 'आम्हांला टाकून देऊ नका हो' असा गळा काढायचा, अशी रीत आहे. माझा तो बेत नाही. मी काय मागणार आहे ते पुढे कळेल, आणि ते मागायला मला किती जड गेले तेही कळेल.

माझा जन्म १९७७ सालचा. माझ्या पोटात तांब्याच्या तारांची वेटोळी आहेत. ती ज्यात बसवली आहेत, ती पोलादाच्या पातळ पत्र्यांची चळत आहे. प्रत्येक पत्र्यावर वार्निशसारखा हलका थर असतो. हा थर शाबूत असेल तर वीज फिरवण्याच्या कामी येते. तो जळाला तर पत्रे आपापसांतच वीज खातात आणि नुसते तापत बसतात. एवढे लक्षात ठेवा. माझ्या मालकाच्या हे कितीतरी वर्षे लक्षात आले नाही, आणि खरे सांगायचे तर माझ्याही आले नाही.

मला ठाण्याच्या एका कारखान्यात बसवले होते. तिथे यंत्रांना तेल घालायचे काम जयवंतकडे होते. कोकणातून आलेला, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. इतर यंत्रांना तेल घालून तो पुढे जायचा, माझ्यापाशी मात्र थांबायचा. चिंध्यांनी माझे अंग पुसायचा, बेअरिंगला कान लावायचा आणि हळूच विचारायचा, "बरी आहेस ना?" बारा वर्षे त्याने हे केले. मग १९९१ साली कारखान्याला टाळे लागले, यंत्रे विकायला निघाली, आणि जयवंतने मला विकत घेतले.

टेम्पोतून मी विरारला फुलपाड्यात उतरले, तेव्हा त्याची बायको सुहासिनी दारात उभी होती. माझ्याकडे बघून तिने कपाळाला हात लावला.

"अहो, हे धूड कशाला आणलंत?"

"पिठाची गिरणी काढतोय. कारखाने बंद पडले म्हणून लोक भाकरी खायचे थांबणार आहेत का?"

चक्की विकणाऱ्याने त्याला सांगितले होते की या दगडांना साडेसात घोड्यांची मोटर पुरते. जयवंत हसला. "हिच्यात दुप्पट ताकद आहे. कधी दमणार नाही," तो म्हणाला. मी फुलून गेले. दोन पिशव्या आणायला अख्खा ट्रक रस्त्यावर काढावा तसा तो प्रकार होता, पण तेव्हा ते कुणाच्या डोक्यात आले नाही. आपल्या माणसाने कौतुक केले की आपणही फारसे खोलात शिरत नाही.

गिरणी चालली. चालली म्हणजे काय, धावली! फुलपाड्यात दर महिन्याला एखादी नवी इमारत उभी राहत होती, आणि प्रत्येक इमारतीतून गव्हाचे डबे येत होते. गहू, ज्वारी, तांदूळ, डाळ. डब्यांची रांग रस्त्यावर जायची. गिरणीच्या दारावर एक पिवळा दिवा होता. मी सुरू झाले की तो क्षणभर पार मिटल्यासारखा व्हायचा, आणि त्याच्याबरोबर आजूबाजूच्या घरांतले सगळे दिवे मिचकायचे. "गिरणी चालू झाली!" म्हणून पोरे ओरडायची. मला वाटायचे, हा माझा मान आहे. मी उठते तेव्हा सगळी आळी डोळे मिटते!

मोठ्या माणसांना मात्र त्याचा वैताग यायचा. टीव्हीवर सामना रंगात आलेला असताना चित्र उडाले की खिडकीतून शिव्या यायच्या. जयवंत भिडस्त. त्याने एक युक्ती काढली. एक डबा दळून झाला आणि पुढचे गिऱ्हाईक अजून यायचे असले, तरी तो मला बंद करेना. मी रिकाम्या दगडांसह फिरत राहायचे. मला सुरू केलेच नाही, तर दिवे मिचकणारच नाहीत! लोक खूश झाले, जयवंतही खूश झाला. मीटरचे काय झाले हे कुणी मीटरला विचारले नाही.

मी जळायचेही. तीन-तीन वर्षांनी माझी वेटोळी जळत. मग सॅन्टनला बोलावणे जाई. सॅन्टन वसईच्या एका जुन्या ख्रिस्ती गावातला, मोटरी भरून देणारा कारागीर. जळलेल्या तारा काढून नव्या तारा भरण्यात त्याच्या बोटांना तोड नव्हती. जयवंतची आणि त्याची चांगली दोस्ती जमली होती. पण जुन्या तारा वार्निशने घट्ट बसलेल्या असतात, त्या सैल करायला सॅन्टन मला दुकानामागे न्यायचा, लाकडे रचायचा, रॉकेल ओतायचा आणि आग लावायचा. अर्ध्या तासात काम तमाम. संथ आचेवर तापवून तारा सोडवायच्या तर दोन दिवस लागतात, आणि दोन दिवस कुणाकडे होते? "सॅन्टन, उद्या सकाळी मोटर पाहिजे, डबे लागलेत रे दाराशी," असे जयवंत म्हणायचा. सॅन्टन रात्रीचा दिवस करायचा. नव्या तारा भरून झाल्या की माझ्या अंगावर पांढऱ्या रंगाने आपले नाव आणि तारीख लिहायचा आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "हिला मरण नाही, जयवंत!"

असे चार वेळा झाले. दर वेळी परत येताना मी आधीपेक्षा थोडी जास्त तापायचे. मला वाटे, वय झाले.

दर खंडेनवमीला जयवंत मला न्हाऊ घातल्यासारखे पुसायचा, हळदकुंकू लावायचा, झेंडूचा हार घालायचा. त्या दिवशी गिरणी बंद. सुहासिनी नारळ फोडायची. माझ्या जोरावर त्यांनी खोलीचा फ्लॅट केला होता. त्या घराची लक्ष्मी मीच, अशी माझी खात्री होती.

आणि मग २००६ साल आले.

त्या वर्षी विजेची इतकी ओढाताण झाली की विचारू नका. लोडशेडिंग! आमच्या भागात सकाळी सहा ते नऊ, दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते आठ एवढीच वीज मिळायची. आली तरी अशक्त यायची. त्यातून फ्लॅटवाल्यांनी घरोघरी छोट्या घरघंट्या घेतल्या होत्या. डब्यांची रांग दारातच संपू लागली.

सुहासिनी मात्र हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. दोन वर्षांपूर्वीच तिने फुलपाड्यातल्या दहा बायका गोळा केल्या होत्या. तिच्यासकट अकरा. त्यांनी चकलीची भाजणी करून विकायला सुरुवात केली होती. त्यांतली सगळ्यांत थोरली पुतळाबाई. खाडीकाठच्या शेतकरी घरातली, साठीची, आवाजाने खणखणीत. घरचे भातशेत बिल्डरकडे गेल्यापासून तिला हातांचे काय करावे ते कळत नव्हते. धान्य भाजण्यात तिचा हात धरणारे कुणी नव्हते. दोन दिवाळ्या त्यांनी थोडीथोडी भाजणी विकली. या तिसऱ्या दिवाळीला वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या एका दुकानदाराने एकदम पाचशे किलोची ऑर्डर दिली. अट एकच: वसुबारसेच्या सकाळी माल दुकानात. वेळेवर आला तर वर्षभर सगळी पिठे तुमच्याकडून. नाही आला तर पुन्हा विचारायला येऊ नका.

अकरा घरांत त्या दिवशी गोडधोड झाले. दोघींनी तर दुसरीकडची धुण्याभांड्यांची कामे सोडली. आणि सगळ्यांनी मिळून भरवसा ठेवला तो माझ्यावर.

मी काय केले? मी तापले. चाळीस मिनिटे चालायचे, मग माझ्या अंगाचा असा भडका व्हायचा की मला चालू-बंद करणारा स्टार्टर आपोआप खटकन् पडून मला थांबवायचा. मला निवायला तेवढाच वेळ लागायचा. आधीच सात तासांची वीज, त्यातली निम्मी मी बसून काढायचे. वसुबारस आठ दिवसांवर आली आणि भाजणी झाली होती फक्त दीडशे किलो.

"सुहासबाय, माजी भाजनी भाजून पडलीय," पुतळाबाई पोत्यावर हात मारून म्हणाली. "ओल लागली का वाया जाईल. ही तुजी मोटर कवा उठनार?"

"उठेल, आजी. निवतेय."

"निवतेय, निवतेय! सगली वीज जाईल तवा निवंल."

जयवंत खाली मान घालून माझ्यावर ओले पोते टाकत होता. मला लाज वाटत होती, आणि भीतीही.

"जनरेटर आणतो भाड्याने," तो एकदम म्हणाला. "वीज कमी पडतेय ना? मग वीज वाढवायची."

तो जाऊन चौकशी करून आला. जनरेटरवाल्याने सांगितले होते की पंधरा घोड्यांच्या मोटरीला उठवायचे म्हणजे मोठाच जनरेटर लागेल. तो गिरणीत मावणार नाही, बोळात ठेवावा लागेल. बोळात खिडक्या होत्या, खिडक्यांच्या आत तान्ही मुले होती. डिझेल इतके लागणार होते की अकरा जणींच्या आठ दिवसांच्या घामाचा धूर होऊन गेला असता. तरी जयवंतने ठरवून टाकले. मंगळवारी सकाळी जनरेटर येणार होता. सोमवारी संध्याकाळपर्यंत फोन करून पक्के सांगायचे होते.

सोमवारी दुपारी बाराला वीज आली. जयवंतने स्टार्टरचा दांडा ओढला. दिवे मिचकले, मी उठले. सुहासिनी स्टुलावर बसली होती, भिंतीवरच्या मीटरसमोर. त्या मीटरमध्ये एक गोल चकती फिरत असते आणि तिच्या कडेवर एक काळी खूण असते. भाजणीचा एक डबा संपला. दुसरा घेऊन येणारी बाई वाटेत होती. नेहमीप्रमाणे मी रिकामीच फिरत राहिले. सुहासिनीची नजर चकतीवर होती. तिच्या कपाळावर आठी पडली.

"अहो, आता दगडांत दाणा नाही ना?"

"नाही."

"मग ही चकती एवढी धावतेय कुणासाठी?"

जयवंतने रिकामा डबा बाजूला ठेवला. "मोटर चालू आहे तर चकती फिरणारच."

"फिरू दे की. पण रिकाम्या हाताने चालणारा माणूस भारा उचलणाऱ्याएवढा दमतो का?"



सुहासिनीने गिरणीतल्या फोनवरून सॅन्टनला बोलावून घेतले. तो स्कूटरवरून आला, घाम पुसत. तिने सांगितलेले त्याने ऐकले. नेहमी तो आल्या आल्या माझ्या पाठीवर थाप मारायचा. आज त्याने हात खिशातच ठेवला.

"वहिनी, दगडांकडे जाणारा पट्टा उतरवून बघू," तो शेवटी म्हणाला. "मग दगड नाही, दाणा नाही. मोटर एकटी. ती एकटी किती खाते ते कळेल."

"काही गरज नाही," जयवंत म्हणाला. "दोन तासांची वीज आहे. ती काय खेळ करायला आहे?"

"बघू दे ना, जयवंत. दोन मिनिटांचं काम."

आधी त्यांनी दळण चालू असताना मोजले. सुहासिनीने हातातले घड्याळ सोडून जयवंतच्या पुढे धरले आणि काळी खूण समोर येईल तशी ती मोठ्याने मोजू लागली. मिनिटाला बावीस फेरे. मग मला थांबवले, माझ्या पुलीवरून पट्टा उतरवला आणि पुन्हा सुरू केले. दिवे मिचकले. खिडकीतून कुणीतरी ओरडले.

मित्रांनो, मी जीव मुठीत धरून फिरत होते. माझ्या हातात असते तर मी त्या मिनिटापुरती वीज तोंडालाही लावली नसती. पण मोटरीला लबाडी करता येत नाही.

"सात... आठ... नऊ..." सुहासिनी मोजत होती. पुतळाबाई दारात येऊन उभी राहिली होती. "दहा."

मिनिट संपले होते.

"म्हणजे कसं?" पुतळाबाईने विचारले.

"म्हणजे आजी, मी बावीस घास रांधले तर त्यांतले दहा ही वाटेतच खाते," सुहासिनी म्हणाली. "तुमच्या भाजणीच्या वाट्याला बाराच."

"चोर म्हणतेस तिला?" जयवंतचा आवाज फाटला. तो असा ओरडू शकतो हे मला ठाऊक नव्हते. "हिच्यावर घर उभं राहिलं! हिच्यावर पोरांची शिक्षणं झाली! अजून नवमीचा हार आहे तिच्या गळ्यात, आणि तू चकती मोजून तिला चोर ठरवतेस?"

हार खरेच होता. वाळून काळा पडला होता, पण होता.

"चोर ती नाही," सॅन्टन म्हणाला. "चोर असलाच तर मी आहे."

त्याने खिशातला हात काढला आणि माझ्या अंगावरच्या चार नावांवरून फिरवला. चटका बसला तरी काढला नाही.

"चार वेळा भरली मी हिला. चारही वेळा आगीत घातली. तारा सुटायच्या पटकन, पण आतल्या पत्र्यांवरचा थर जळायचा. मागच्या खेपेला तारा काढल्या तेव्हा पत्रे निळे पडले होते. मी बघितलं, जयवंत, आणि वरून तारा भरून टाकल्या. वर माझं नाव लिहिलं."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तुला दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिजे होती," सॅन्टन म्हणाला. "आणि मला माझं नाव खराब करायचं नव्हतं."

त्यांची पंधरा वर्षांची दोस्ती होती. त्या क्षणी ती कशावर टांगली होती ते मला दिसत होते. जयवंतने दाराकडे बोट केले. "जा," तो म्हणाला. "सगळेच जा."

सॅन्टन गेला. बायका गेल्या. सुहासिनी उंबऱ्यापर्यंत जाऊन थबकली, पण ती थांबली नाही.

पावणेदोन वाजले होते. वीज जायला पंधरा मिनिटे उरली होती. गिरणीत जयवंत आणि मी. पट्टा अजून उतरवलेलाच होता. मी एकटीच फिरत होते, कुणाचाही दाणा दळत नव्हते. जयवंत स्टुलावर बसला. घड्याळ मांडीवर ठेवून त्याने स्वतः मोजले. दहा. पुन्हा मोजले. दहा. तिसऱ्यांदा मोजले, तरी दहाच.

मग तो उठला आणि माझ्यापाशी आला. कारखान्यात लावायचा तसा त्याने माझ्या बेअरिंगला कान लावला.

"बारा वर्षं तिकडे तेल घातलं, पंधरा वर्षं इकडे," तो पुटपुटला. "तुला पुसलं, पुजलं. पण तुझा ताप कधी मोजला नाही ग."

त्याने माझ्या गळ्यातला वाळका हार काढला आणि दांडा खाली ओढला.

माझा वेग कमी होत गेला. थांबायला मला बराच वेळ लागतो, मी जड आहे. शेवटचे चार-पाच फेरे मी अगदी सावकाश घेतले. मला माहीत होते, हे शेवटचे.

जयवंतने फोन उचलला. मला वाटले जनरेटरवाल्याला लावतो आहे. पण तो म्हणाला, "सॅन्टन, साडेसात घोड्यांची नवी मोटर तुझ्या दुकानात आहे का? असेल तर सहाच्या आत घेऊन ये."

दोन वाजता वीज गेली. सॅन्टन अडीचला नवी मोटर घेऊन आला. दोघांनी मिळून माझे बोल्ट सोडले आणि पहारीने मला पायावरून ढकलले. नवी मोटर माझ्या निम्म्याने. पुतळाबाईने तिला बघून तोंडाला पदर लावला. "ही? ही दगड फिरवंल का टोपलीत घालून बाजारात नेऊ?"

पण हसायला वेळ नव्हता. नव्या मोटरीची भोके माझ्या पायाच्या बोल्टांशी जुळेनात. वीज नाही म्हणून ड्रिल चालेना. सॅन्टन लोखंडी पट्टी मांडीवर घेऊन कानशीने भोके रुंद करत बसला. चार वाजले. पाच वाजले. त्याची बोटे सोलवटली तेव्हा जयवंतने त्याच्या हातातून कानस काढून घेतली आणि स्वतः घासू लागला. सुहासिनी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होती. जनरेटरवाल्याचा फोन आला, "काय, गाडी पाठवू ना सकाळी?" तिने क्षणभर जयवंतकडे पाहिले. त्याने मान वर न करता हाताने 'नको' अशी खूण केली. आता मागे फिरायची वाट उरली नव्हती. ही मोटर चालली नाही, तर ना जनरेटर, ना मी.

शेवटचा बोल्ट आवळला तेव्हा सहाला तीन मिनिटे कमी होती. पट्टा न चढवताच आधी मोटर चालवून बघायचे ठरले.

सहा वाजले. दारावरचा पिवळा दिवा लागला. बाकीच्या दहा बायका बोळात उभ्या होत्या. जयवंतने बटण दाबले आणि पंधरा वर्षांच्या सवयीने दिव्याकडे पाहिले.

दिवा जसाच्या तसा होता.

"उठलीच नाही," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "सॅन्टन, उठलीच नाही रे."

"अरे, खाली बघ," सॅन्टन म्हणाला.

ती फिरत होती. गुणगुणल्यासारखा आवाज, बस. जयवंत खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. सुहासिनी मीटरसमोर गेली. मोटर एकटी फिरताना चकतीवरची काळी खूण मिनिटात दोनदाच दिसली. पट्टा चढवला, दाणा घातला, तेव्हा चौदा फेरे.

मी भिंतीशी आडवी पडून हे सगळे पाहत होते. मत्सर वाटला का? वाटला. खोटे कशाला बोलू? माझ्या जागेवर दुसरी कुणी बसली होती आणि माझ्यापेक्षा चांगले काम करत होती.

त्या आठवड्यात स्टार्टर एकदाही पडला नाही. तेवढ्याच सात तासांच्या विजेत गिरणीने अख्खे सात तास काम केले. दोन डब्यांच्या मध्ये जयवंत मोटर बंद करू लागला, कारण सुरू करताना आता कुणाचे दिवे मिचकत नव्हते. वसुबारसेच्या पहाटे पाकिटे टेम्पोत चढली. शेवटचे पोते पुतळाबाईने स्वतः उचलून दिले. वर्षभराची ऑर्डर मिळाली. पुढे सुहासिनीने मसाल्यासाठी दुसरी छोटी चक्की घेतली आणि जयवंत अर्ज करून वीज वाढवून घ्यायला निघाला, तेव्हा तिने त्याला अडवले. गरजच नव्हती. मी एकटी जेवढी वीज खात होते, तेवढ्यात आता दोन चक्क्या चालत होत्या, आणि अकराच्या सोळा बायका झाल्या होत्या.

माझे काय झाले? जयवंतने मला कोपऱ्यात ठेवले. मुले माझ्यावर बसून दळणाची वाट पाहत. पुढच्या खंडेनवमीला नव्या मोटरीबरोबर मलाही हार मिळाला. माझे म्हातारपण असेच सरेल असे मला वाटले. मग एके दिवशी वैतरणेपलीकडच्या गावाचा एक गिरणीवाला आला. त्याने मला उलटसुलट बघितले, ठोकून पाहिले.

"दणकट आहे," तो म्हणाला. "चालू आहे ना? मला द्या. आमच्या गावात एवढी मोठी कुणाकडे नाही."

जयवंतचे डोळे चमकले. "फिरेल ही अजून," तो सुहासिनीला म्हणाला. "निदान पडून तरी राहणार नाही."

आणि मी? मित्रांनो, माझे तर सगळे अंग मोहरून आले. पुन्हा पाया, पुन्हा पट्टा, पुन्हा रांगेतले डबे. पुन्हा अख्खे गाव माझ्यासाठी डोळे मिचकावणार! जाऊ दे मला, जाऊ दे, असे मी मनातल्या मनात ओरडत होते. आणि त्याच वेळी मला सुहासिनीचा आवाज आठवत होता. सात, आठ, नऊ, दहा. त्या गावातही कुणी सुहासिनी असेल. तिच्याही बावीस घासांतले दहा मी खाणार होते. तिला कळायला कदाचित पंधरा वर्षे लागली असती.

सुहासिनी भिंतीवरच्या मीटरकडे बघत होती.

जयवंतने तिची नजर पाहिली. मग पेटीतून त्याने छन्नी आणि हातोडा काढला, माझे झाकण उघडले, आणि ज्या हातांनी मला तेल घातले होते त्याच हातांनी माझ्या तांब्याच्या तारा तोडल्या. एकेक करून, सगळ्या.

"ही चालू नाही," तो त्या माणसाला म्हणाला. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होते आणि ते पुसायचे त्याला सुचले नाही. "तुम्ही लहान घ्या. आणि घेताना पट्टा उतरवून बघा."

ते ऐकले आणि माझ्या मनातला सगळा गोंधळ शांत झाला. आयुष्यात पहिल्यांदा मला जयवंतचा अभिमान वाटला. तोवर मला अभिमान वाटायचा तो फक्त स्वतःचा.

आज सकाळी सॅन्टनची हातगाडी आली आहे. माझे लोखंड भट्टीत जाईल, तांबे वितळून त्याच्या पुन्हा तारा होतील. जाता जाता माझे मागणे सांगते. मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, शेतावर माझ्यासारखी एखादी म्हातारी असेल. पंखा असेल, पंप असेल, फ्रीज असेल. तिच्यावर माया करा, पण एकदा तिच्या अंगाला हात लावून ती उगीच तापते का ते बघा. तुमच्यासाठी ती किती राबते आणि स्वतःसाठी किती खाते, ते मोजा. आणि हिशेब तिच्या विरुद्ध गेला, तर हार काढा आणि तिला जाऊ द्या. तिला राग येणार नाही. मी सांगते ना.

गाडी गिरणीसमोरून निघाली. आत जयवंतने बटण दाबल्याचा आवाज आला. मी दारावरच्या पिवळ्या दिव्याकडे बघितले. एकदाही न मिचकता तो जळत होता, आणि गिरणी सुरू झाली आहे हे आळीत कुणाला कळलेसुद्धा नाही.